किरणांचा अनुशेष

संशोधनासाठी नॉर्वेला जाताना प्रेरणानं यवतमाळच्या घरात देव्हाऱ्याशेजारी एक डबा ठेवला आणि त्याला हळदकुंकू लावायचं नाही, असं आईला, मैनाबाईंना, बजावलं. आकाशातून येणारे वैश्विक किरण तो मोजत असे. दर किरणाला एक टिक. तसाच दुसरा डबा तिच्याकडे, तिकडे. रोज संध्याकाळी वडिलांनी, सदाशिवरावांनी, फोनवर मिनिटाचा आकडा सांगायचा.

"पन्नास," पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं. "तिकडं किती?"

"अठ्ठावन्न. आपल्याकडं पृथ्वीचं चुंबक त्याईले आडवं येते, बाबा. ध्रुवाकडं वाट मोकळी असते."

सदाशिवरावांची सारी सरकारी नोकरी विदर्भाच्या अनुशेषाचे तक्ते भरण्यात गेली होती. ते एवढंच म्हणाले, "म्हणजे किरणंबी तिकडंच वळवले."

आठ महिने पन्नास, एकोणपन्नास, एक्कावन्न. दिवाळीला ती आली नाही.

"आकडे नीट येऊन राह्यले, मंग कायच्यासाठी येऊ? डबा बिघडला असता तं सरांनी तिकीट देल्लं असतं."

फोन ठेवल्यावर मैनाबाई म्हणाल्या, "हापिसात कागदावर उद्दिष्ट गाठत होते नं तुम्ही? मंग आता काहून गप?"

दुसऱ्या दिवशी बावन्न. पुढच्या आठवड्यात पंचावन्न. एकदम फुगवलं की चौकशी लागते, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. संक्रांतीला यवतमाळनं नॉर्वेला मागे टाकलं. मैनाबाईंनी लेकीची गादी उन्हात घातली.

"आज किती, बाबा?"

"एकाहत्तर. बिघडला वाटते. तुले या लागन."



"एकोणपन्नास आहे, बाबा. त्याले वायफाय आहे. आकडा मले आपोआप येते. पहिल्या दिवसापासून."

सदाशिवरावांनी डब्याकडे फितुराकडे पाहावं तसं पाहिलं. "मंग रोज मले कायले इचारत होती?"

"कायले म्हणजे?" ती म्हणाली.

मैनाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. सदाशिवरावांनी विचारलं, "मंग उद्यापासून किती सांगू?"

"कितीबी सांगा. फक्त हळूहळू सांगा."

त्यांनी चष्मा लावला, फोन चालूच ठेवून डब्यापुढे बैठक मारली आणि टिक ऐकून मोजायला घेतलं, "एक... दोन... तीन..."

मिनिट केव्हाच उलटून गेलं. थांबा म्हणून कोणीच म्हणालं नाही.