केशवअण्णा ग्लायडर पसंत करतात

माझ्या फ्लॅटच्या दारावर, कडीच्या जरा वर, लाल खडूची एक फुली आहे. ती खालच्या मजल्यावरच्या केशवअण्णांनी मारलेली. मी पुण्याहून बंगळुरात राहायला आले, त्याच सकाळी हे गृहस्थ दारात उभे. खिशातून स्टीलची पट्टी काढून त्यांनी चौकट मोजली, "तीन मिलिमीटर बाहेर. रिजेक्ट," म्हणाले आणि फुली मारून गेले. माझं नाव त्यांनी विचारलं ते दुसऱ्या दिवशी.

बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात अण्णांनी चौतीस वर्षं तपासनीस म्हणून सुटे भाग नापास केले. निवृत्त झाले, पण खडू काही सुटला नाही. इडली एका बाजूने बसकी, रिजेक्ट. ऑटोचा आरसा ढिला, रिजेक्ट. त्यांच्या घराण्याला इथे येऊन कितीतरी पिढ्या झाल्या, त्यामुळे मराठीत कन्नड कधी शिरतं ते त्यांनाही कळत नाही. "चांगलं आहे, पण स्वल्प वाकडं," हा त्यांचा सगळ्या जगाबद्दलचा अभिप्राय.

घरात अण्णा आणि त्यांची धाकटी बहीण इंदूअक्का, दोघंच. दोघांचीही लग्नं झाली नाहीत. अण्णांना कुणी का पसंत पडली नाही, ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण वडील लवकर गेल्यामुळे अक्कासाठी स्थळं पाहण्याचं कामही त्यांच्याचकडे आलं होतं. "सतरा आली, सतरा रिजेक्ट," अक्का डोसे घालता घालता हसत सांगायची. एकाचा आवाज बारीक. एक पाणी पिताना गटगट करायचा. शेवटचे एक शाळामास्तर, तर त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली. पट्टी लावली नाही एवढंच नशीब. मीही हसायचे. आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

तर अशा या माणसाने सत्तरी गाठल्यावर ठरवलं, की रिमोटवर उडणारं ग्लायडर घ्यायचं. बिनमोटारीचं छोटं विमान. कारखान्यात डबा खाताना ते छपरावर फिरणाऱ्या घारी बघायचे. "पंख न हलवता वर राहतात बघा. त्यांच्यात एकही रिजेक्ट नाही," म्हणाले. मोटारीचं का नको, तर मोटार दोष झाकते. झालं. गाडी माझ्याकडे, त्यामुळे माझे दोन वर्षांचे शनिवार या घारींच्या नावाने गेले.

इथल्या, बंगळुरातल्या शिवाजीनगरात अशा विमानांचं एक दुकान आहे. त्या दुकानदाराने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "अण्णा, पहिलं फोमचं घ्या. ते पडणार, मोडणार. गोंद लावायचा, परत उडवायचं. लाकडाचं नंतर बघू."

"मोडणार हे माहीत असून घ्यायचं?" अण्णांना हे भयंकर वाटलं.

मग दर शनिवारी खोकी उघडणं आलं. पंख जोडायचे, दोन बोटांवर तोलून बघायचं, पट्टी लावायची. एकाची शेपटी तिरकी. एकाचं नाक जड. दुकानदार पुढे पुढे आम्हाला बघितलं की चहा सांगायचा आणि स्वतः निघून जायचा. एकदा माझाही तोल गेला. "अण्णा, कुठलंही घ्या हो! डोळे धड आहेत तोवर उडवा तरी." त्यावर "सरी, सरी. बरं, बघूया," एवढंच. त्या दिवशी मला कळून चुकलं, की हा माणूस घेणार नाही. बघत बघतच संपणार. त्याचा राग येईना, पुढच्या शनिवारीही मी गाडी काढली.

परवाच्या शनिवारी अक्काने मला खाली बोलावलं. टेबलावर खोकं. तिने एकटीने जाऊन, हाताला लागलं ते पहिलं फोमचं ग्लायडर आणलं होतं, अण्णांना न विचारता. अण्णांनी निमूटपणे पंख जोडले आणि पट्टी लावली. "डावा पंख चार मिलिमीटर खाली," म्हणत खिशातून खडू काढला.

"राहू दे," अक्का म्हणाली. "मास्तरांचा खांदाही एवढाच खाली होता."

अण्णांचा हात पंखापाशीच थांबला. मग त्यांनी खडू खिशात ठेवला आणि चपला घातल्या.

होसकोट्याच्या पुढच्या माळावर अक्काने पदर खोचला आणि ग्लायडर फेकलं. ते उडालं की! वाकड्या पंखानिशी, अगदी सरळ. अण्णा रिमोट धरून मान वर करून बघत राहिले.

"इंदू," वर बघतच ते म्हणाले, "हे पास करायला हवं होतं."

"हो. मला मास्तर पसंत होते."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कुठं, अण्णा?"

अण्णांनी मान खाली घातली. हातातल्या रिमोटचं भान त्यांना राहिलं नाही. ग्लायडर वळलं, झपकन खाली आलं आणि दगडावर आपटलं. डावा पंख मधोमध मोडला.

परतताना गाडीत दोघं मागे बसली होती. मोडलेले तुकडे अण्णांच्या मांडीवर. "घरी गोंद आहे ना, इंदू? चिकटेल ना?" ते विचारत होते. पुन्हा विचारलं. केआर पुरम यायच्या आत तिसऱ्यांदा विचारलं.

अक्का खिडकीबाहेर बघत होती.

"हो, अण्णा," ती म्हणाली. "हे चिकटेल."