नोटीस मिळालेला ब्राउझर

कळंबे काकांनी ब्राउझरला रीतसर नोटीस बजावली होती. कागदावर, निळ्या शाईनं, खाली सही आणि जुन्या हुद्द्यासकट. आपण सी ड्राइव्हवर विनापरवाना कब्जा केला आहे, सात दिवसांत डी ड्राइव्हवर निघून जावे, अन्यथा कारवाई होईल, असा मजकूर. तोही हिंदीत, कारण काका मध्य प्रदेशाचे पटवारी, म्हणजे आमच्याकडचे तलाठी. बोलणं सगळं मराठीत, पण कागदावर उभा जन्म हिंदी. नोटीस कॉम्प्युटरच्या कडेला चिकटपट्टीनं लावलेली.

आठव्या दिवशी ब्राउझर होता तिथंच होता.

"नोटीस मिळाली नाही असं म्हनता येनार नाही त्याले," काका म्हणाले. "तोंडासमोर चिकटवली. बाई, तू साक्षीदार."

मी भीत भीत मान हलवली. मी तेव्हा कशालाही भीत भीतच मान हलवायची. माहेर जत तालुक्यातलं, आठवीत शाळा सुटलेली. नवऱ्याला पांढुर्ण्यात कापसाच्या जिनिंगमध्ये काम लागलं म्हणून इतक्या लांब आले आणि काकांच्या घरामागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहिले. काकू गेलेल्या, मुलगी भोपाळला. सौसर, बोरगाव, तिगाव अशी जन्मभर दुसऱ्यांची शेतं मोजून काका एका पुढच्या खोलीत येऊन बसले होते, मुलीनं ठेवून दिलेल्या कॉम्प्युटरसमोर.

भाडेकरूचे कागद तपासताना त्यांना माझा शाळा सोडल्याचा दाखला दिसला. "मंग दहावी काऊन नाही केली?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न मला पंधरा वर्षांत कुणी विचारला नव्हता. त्याच आठवड्यात त्यांनी माझा बाहेरून दहावीचा फॉर्म भरला आणि मला खुर्चीवर बसवलं.

"हे पाह्य. खालच्या पट्टीवरचा हा गोल दाबाचा. बाकी कुठी हात लावाचा नाही."

मी बाकी कुठं हात लावला नाही. रोज दुपारी दोन ते चार ब्राउझरचा गोल दाबायचा, विज्ञानाचे धडे बघायचे, प्रश्नांची उत्तरं टाइप करून ठेवायची. ती उत्तरं महिन्याअखेर पाठवायची होती, त्यांचे गुण दहावीत धरणार होते. मधेच पडदा विचारायचा, तुमची खात्री आहे का? माझ्या लग्नात मला कुणी हे विचारलं नाही आणि हा डबा दिवसातून वीस वेळा विचारतो. संताप यायचा. पण भीतीसुद्धा वाटायची, म्हणून मी "नाही" दाबायची.

तर भांडण असं. कॉम्प्युटरात दोन कप्पे. सी लहान, डी मोठा आणि रिकामा. ब्राउझर आपण पाहिलेल्या पानांचे तुकडे एका फोल्डरमध्ये साठवतो, पुढच्या वेळी पान लवकर उघडावं म्हणून. ते फोल्डर सी मध्ये. धड्यांच्या व्हिडिओंनी ते असं फुगलं की सी ची पट्टी लाल झाली.

"बाजूला एवढं मोठ्ठं वावर पडीत पडून आहे," काका म्हणाले, "आन् हा गावठानात घुसून राह्यला. कोनाले विचारून?"

पहिल्या दिवशी त्यांनी फोल्डर उचलून डी मध्ये टाकलं. सकाळी सी मध्ये त्याच नावाचं नवंकोरं फोल्डर हजर. "काल घर पाडलं, आज पुन्हा उभं. याच्यामांगं कोनी नेता आहे." मग त्यांनी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये तीन दिवस शोधलं. उतरवलेल्या फाइली कुठं ठेवू हे तो नम्रपणे विचारत होता. या फोल्डरबद्दल अवाक्षर नाही. काका भडकले. "छोट्या गोष्टीत विचारते, मोठ्या गोष्टीत मुका. मोठा सरकारी मानूस आहे हा."

दुकानातला माणूस येऊन बघून गेला. म्हणाला, फॉरमॅट मारू.

"म्हंजे अतिक्रमन काढाले आख्खं गाव पाडता काय तुमी?" काकांनी त्याला चहासुद्धा पूर्ण पिऊ दिला नाही.

शेवटी इंटरनेटवर कुठंतरी त्यांना उपाय सापडला. ब्राउझरचं पडद्यावरचं मोठं चिन्ह घ्यायचं, त्याच्या गुणधर्मात नावाच्या पुढं दोन आडव्या रेघा देऊन डी चा पत्ता लिहायचा. लिहिला. उघडून पाहिलं, डी भरायला लागला. काकांनी संत्रा बर्फी वाटली, म्हणजे मला आणि स्वतःला.

चौथ्या दिवशी सी पुन्हा लाल. मी टाइप केलेलं प्रकाशाचं आख्खं प्रकरण साठवायला गेले तर पडदा म्हणाला, जागा शिल्लक नाही. मग सगळंच थिजलं आणि प्रकरण गेलं. पाठवायला नऊ दिवस उरलेले. "काका, माझ्याच हातून काहीतरी झालं असेल, मी नाही बसत उद्यापासून," मी म्हटलं.

काका लाल झाले, पण माझ्यावर नाही. पडद्याकडं बोट रोखून म्हणाले, "याचा मौका पाहाच लागते." मौका म्हणजे जागेवर जाऊन केलेली पाहणी. त्यांचा आवडता शब्द. भाजी कडू लागली तरी ते दुकानात मौका पाहायला जायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सी मधलं फोल्डर रिकामं केलं, मला बसवलं आणि ते माझ्यामागं खुर्ची टाकून बसले. मी गोल दाबला, धडा लावला, प्रकरण पुन्हा टाइप करायला घेतलं. त्यांचा चहा निवून साय धरली. दोन तास ते माझ्या बोटांकडं बघत होते. मी उठल्यावर मात्र ब्राउझरला अशा शिव्या दिल्या की शेजारची खिडकी बंद झाली.

पुढं आठवडाभर शिव्या चालू होत्या, पण सी ची पट्टी निळी राहिली. "हटला अखेर. कायद्यापुढं कोनी टिकत नाही," काका म्हणाले. माझी सगळी उत्तरं वेळेत गेली.

नंतर काका मोतीबिंदूसाठी नागपूरला गेले. जाताना रोजनामचा माझ्याकडं दिला. नोकरी संपली तरी ते रोजची नोंद ठेवायचे, पाऊस, वीज, कॉम्प्युटर. "चार दिवस तू लिही. मागचं पाहून लिही."

मागचं पाहिलं. पानंच्या पानं हिंदी. फक्त मौक्याच्या तारखेला पाच ओळी मराठीत.

"बाई खालच्या पट्टीतून उघडते. मीच तसं शिकवलं. डी चा पत्ता मी फक्त वरच्या चिन्हाले लावला होता. पट्टीतल्या चिन्हालेही आज लावला. बाईले सांगू नये, शिकनं सोडून देईल."

म्हणजे महिनाभर खालचा गोल दाबून सी भरणारा तो मुका सरकारी माणूस मीच होते. आणि हे कळल्यावरही काका आठवडाभर ब्राउझरलाच शिव्या देत राहिले, मला ऐकू जातील अशा मोठ्यानं.

मी पेन उघडलं. मग त्या दिवसाची नोंद केली, मराठीतच.

"पाऊस नाही. सी मध्ये जागा आहे. बाई दोन ते चार बसली."