कोपऱ्यातले टाके

दोन इंच लोकर कापावी की नाही, एवढाच प्रश्न होता. हेडक्लार्कांनी तो अर्ध्या मिनिटात निकालात काढला आणि पुढचे तीन तास निस्तरत बसले.

सकाळचे दहा वाजले होते. बायको तिच्या आईला हॉस्पिटलमधून आणायला गेली होती. सासूबाईंच्या पोटाचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता. टाके अजून काढायचे होते, पण घरी न्यायला डॉक्टरांनी हरकत घेतली नव्हती. आतल्या खोलीत पलंग तयार होता आणि पलंगावर सासूबाईंसाठी केलेलं पांघरूण पसरलेलं होतं.

क्रोशाने विणलेले अठ्ठेचाळीस चौकोन, एकासारखा दुसरा नाही. ऑपरेशनचं ठरलं तेव्हा बायकोने नात्यातल्या सगळ्या बायकांना निरोप धाडला होता, की घरात असेल त्या लोकरीचा एक वीतभर चौकोन विणून पाठवा, आईला काही कळू देऊ नका. पिवळे आले, जांभळे आले. एका वहिनींनी इतका घट्ट विणला होता की तो पुठ्ठ्यासारखा उभा राहत होता. सगळ्यांत शेवटी आला तो मावशींचा, म्हणजे सासूबाईंच्या थोरल्या बहिणीचा. मावशींचं वय चौऱ्याऐंशी, डोळ्यांना जेमतेम दिसतं. सासूबाईंनी लग्नाआधी त्यांना एक लाल स्वेटर विणून दिला होता. तोच उसवून, बोटांनी चाचपत चाचपत मावशींनी चौकोन केला होता.

बायकोने तो त्याच सकाळी कोपऱ्यात बसवला. चौकोनाला लागूनच उरलेल्या लाल लोकरीने त्याची शेवटची फेरी घालत, शेजारच्या चौकोनांना अडकवत. निघताना ती म्हणाली, "एक टोक लोंबतंय, ते आल्यावर लपवते. तुम्ही हात लावू नका."

"हात लावू नका" हे वाक्य हेडक्लार्क ऑफिसात दिवसातून वीसदा दुसऱ्यांना ऐकवत. त्यामुळे ते आपल्यालाही लागू पडू शकतं हे त्यांच्या ध्यानातच येत नसे. शिवाय सत्तावीस वर्षं फायलींच्या दोऱ्या बांधून त्यांना एक खोड लागली होती. लोंबणारं टोक दिसलं की त्यांची बोटं शिवशिवत. (बायकोच्या साडीचा पदरही एकदा थोडक्यात वाचला होता.) त्यांनी कात्री आणली आणि टोक अगदी मुळापासून छाटलं. गाठीसकट.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग गाठीच्या जागी एक छोटा फास डोकं वर काढून बसला. हेडक्लार्कांनी तो आवळायला म्हणून ओढला. तो आवळला नाही, लांब झाला. त्यांनी आणखी ओढला. टक, टक, टक असा बारीक आवाज करत कोपऱ्याची एक बाजू मोकळी झाली, मग दुसरी. ते थांबले असते तर तिथेच भागलं असतं. पण मधे कुठेतरी अडेल आणि मग घट्ट गाठ मारू, अशा आशेवर ते ओढत राहिले. मावशींचं सगळं काम मिनिटाभरात त्यांच्या मांडीवर येऊन पडलं. मधल्या कड्याभोवती रुपयाएवढं काहीतरी उरलं होतं, बाकी नुसती नागमोडी लोकर.

मावशी दुसरा चौकोन करणार नव्हत्या, स्वेटर दुसरा नव्हता आणि बायको एक वाजता दारात उभी राहणार होती.

त्यांनी मेव्हणीला फोन लावला. ती शाळेत शिकवायची आणि क्रोशात तिचा हात बायकोपेक्षाही बरा होता. मधल्या सुट्टीचा गलका चालला होता, फोन खरखरत होता, आणि ती समजून चालली होती की ताई आईला घेऊन केव्हाच घरी पोचली असेल.

"ऐक," हेडक्लार्क दबक्या आवाजात म्हणाले, "टाके उसवलेत."

"काय?"

"टाके. सगळे. माझ्याच हातून झालं."

"भाऊजी, तुम्ही काय केलंत?"

"एक टोक बाहेर लोंबत होतं. कात्रीने कापलं."

"कात्रीने? ताई कुठेय?"

"बाहेर गेलीय. तिला यातलं काही कळता कामा नये."

"आणि आई?"

"त्यांना अजून काही माहीत नाही."

"किती उसवलंय?"

"आतला गोळा तेवढा शिल्लक आहे. बाकी सगळं लाल लाल बाहेर आलंय, चांगलं दोनतीन हात लांब. थोडं ओढून पाहिलं, तर येतच राहिलं."

"ओढलंत?"

"आता परत आत कसं घालायचं तेवढं सांग. सुई आहे माझ्याकडे."

"सुईला हात लावू नका," मेव्हणी म्हणाली. "कशालाच हात लावू नका. मी येते." आणि फोन बंद झाला.

हेडक्लार्कांना धीर आला. लोकरीसाठी शाळा सोडून धावत येणारी मेव्हणी मिळायला नशीब लागतं, असं त्यांना वाटलं. तरी हातावर हात धरून बसणं जमेना. त्यांनी शेजारचा चौकोन डोळ्यांजवळ धरून त्याचा अभ्यास केला. तीन उभे टाके, मग साखळी, पुन्हा तीन उभे टाके. ऑफिसातल्या नमुना क्रमांक चौदापेक्षा हे सोपं दिसत होतं. सुई घातली, लोकर अडकवली, ओढली. वीस मिनिटांत एक फेरी झाली. साडेअकरापर्यंत दुसरीही झाली. पण चौकोन सपाट पडेना. तो कडांनी वर उचलत चालला होता. तिसऱ्या फेरीला त्याची वाटी झाली. त्यांनी ती पलंगाच्या लाकडावर ठेवून मुठीने दाबली. मूठ काढताच ती पुन्हा वाटी झाली.

साडेबाराला खाली रस्त्यावर भोंगा वाजला. कोणाच्या तरी घरी आजारपण दिसतंय, असं मनाशी म्हणत हेडक्लार्क खिडकीशी गेले. ॲम्ब्युलन्स त्यांच्याच दाराशी थांबली होती. पुढच्या सीटवरून मेव्हणी उतरली. बोटांना अजून खडू लागलेला, चेहरा पांढराफटक. मागून दोन दणकट माणसं स्ट्रेचर घेऊन उतरली. आणि नेमकी त्याच वेळी मागे एक टॅक्सी येऊन उभी राहिली. तिच्यातून बायकोने आईला हळूहळू उतरवलं. सासूबाईंचा एक हात लेकीच्या खांद्यावर होता आणि दुसरा पोटावर.

मेव्हणीने आईला पाहिलं आणि ती जागच्या जागी रडायला लागली. स्ट्रेचरवाल्या दोघांनी पोटावरचा हात पाहिला आणि त्यांना पुढचं काही विचारावंसं वाटलं नाही.

"आजी, आडव्या व्हा."

"अरे, मला आत्ताच सोडलंय," सासूबाई म्हणाल्या.

"बोलू नका. बोललं की ताण पडतो," म्हणत दोघांनी त्यांना स्ट्रेचरवर निजवलंसुद्धा.

"कोण तुम्ही? कुठे नेताय आईला?" बायको त्यांच्या आड आली.

"तिचे टाके उसवलेत, ताई," मेव्हणी हुंदके देत म्हणाली. "भाऊजींनी कात्रीने कापलेत."

बायकोने आईकडे पाहिलं. मग बहिणीकडे. मग तिने मान वर करून दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीकडे पाहिलं. तिथे हेडक्लार्क उभे होते, एका हातात क्रोशाची सुई आणि दुसऱ्या हातात लाल वाटी घेऊन.

ते जिने उतरून खाली आले आणि भर रस्त्यात, सगळ्यांदेखत, झालं ते सांगितलं. काहीही न लपवता, कात्रीपासून वाटीपर्यंत. बोलता बोलता पांघरुणाचं गुपितही फुटलं आणि मावशींच्या स्वेटरचंही. मेव्हणीने पदराने तोंड पुसलं. "लोकरीचे टाके?" ती म्हणाली. "मी वर्गातली चाळीस मुलं तशीच टाकून आले, भाऊजी."

स्ट्रेचरवाल्यांपैकी एकाने खाली मान घातली होती. त्याचे खांदे हलत होते.

सासूबाईंनी स्ट्रेचरवर आडव्या पडल्या पडल्याच हात पुढे केला. हेडक्लार्कांनी ती वाटी त्यांच्या हातात दिली. त्या बराच वेळ तिच्यावरून बोट फिरवत राहिल्या. लोकरीला जुने वळसे अजून होते.

"माझाच हात आहे हा," त्या म्हणाल्या. "अक्काने सांभाळला इतकी वर्षं." त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी वाटी उलटी करून पाहिली, आणि त्यांचं पोट हलायला लागलं. "मला हसवू नका कोणी," त्या पोट दाबत म्हणाल्या. "माझे खरंच उसवतील."

आलेच आहोत तर, म्हणून त्या दोघांनी सासूबाईंना स्ट्रेचरवरूनच दोन जिने वर पोचवलं.

वर गेल्यावर बायको कोपरा दुरुस्त करायला बसली. सासूबाईंनी तिला अडवलं. "उसवलाय त्यांनी, विणतीलही तेच." मग आठ दिवस ऑफिसातून आल्यावर हेडक्लार्क पलंगाशी स्टूल घेऊन बसत. सासूबाई उशीला टेकून टाके सांगत, चुकलं की उसवायला लावत. सहा वेळा उसवून झाल्यावर चौकोन जोडण्याइतपत झाला. साफ सपाट काही तो झाला नाही, मधे अक्रोडाएवढा उंचवटा राहिलाच. मावशींना फोनवरून सगळं सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, की मला नाहीतरी दिसत नाही.

पण पुढे एक गोष्ट हेडक्लार्कांच्या लक्षात आली. सासूबाई पांघरूण घेताना दरवेळी आधी तो लाल चौकोन चाचपून बघत. अठ्ठेचाळीसांतला नेमका तोच. ही गोष्ट त्यांनी ऑफिसात दोघातिघांना सांगितली, शिपायालाही सांगितली. शेवटी न राहवून एका दुपारी त्यांनी चारचौघांत विषय काढला. "आई, एवढे चौकोन आहेत, पण तुम्ही रोज आधी माझाच शोधता."

"शोधावाच लागतो, जावईबापू," सासूबाई प्रेमाने म्हणाल्या. "तो पायाकडे गेला की नाही ते बघून घ्यावं लागतं. परवा चुकून गळ्याशी आला तर रात्रभर टोचत होता."