दिगांबरकाकांचे बिल्ले

पोलीस दिसला की चारचौघं जरा बाजूला सरकतात. आमच्या मंगरूळपीरचे दिगांबरकाका उलट त्याच्या पोटाला नाक लागेल इतके जवळ जातात, पट्ट्यावरचा बिल्ला वाचतात आणि तोंड वाकडं करतात. "यात वजन नाही बाप्पा! जुनं पितळ पाह्यजे!" एसटीतून निवृत्त झालेल्या या कंडक्टरला अजून कुणी आत कसं टाकलं नाही, देव जाणे.

जुन्या काळच्या पोलिसांचे पितळी बिल्ले जमवणं हा त्यांचा उद्योग. भांड्यांच्या दुकानात लोक मोडीत तांबे-पराती टाकतात, काका त्या ढिगात बसून असतात. बिल्ला सापडला की तो कुणाचा, ठाणं कुठलं, पणतू कुठे राहतो, सगळं खणून काढतात. काकू गेल्यापासून तर घरभर बिल्लेच! पाहुण्याने बसायचं कुठे?

एकदा माझ्या मोटारसायकलवर बसून त्यांनी रिठद गाठलं. तिथल्या अनसूयाबाईंच्या आजेसासऱ्यांचे वडील इंग्रजांच्या वेळी पोलिसात होते, त्यांचा बिल्ला घरात असणार, असा काकांचा शोध. वऱ्हाडचा इतका जुना बिल्ला त्यांच्याकडे एकही नव्हता. त्यासाठी वर्षानुवर्षं जीव टाकत होते.

बिल्ला होता. देव्हाऱ्यात! हळदी-कुंकवाने माखलेला, वर झेंडूचं फूल.

"सासूनं देला," बाई म्हणाल्या. "कोन्ता देव हाय, थे तिलेबी ठाऊक नोतं. मी रोज चिंचेनं घासतो." चिंच ऐकून काकांनी डोळेच मिटले. अक्षरं झिजतात ना! "मालक गेले तवापासून याच्याशीच बोलतो मी. तुमी जाणकार, सांगा ना, कोन्ता देव हाय?"

मी हसू दाबलं. काकांनी बिल्ला हातात घेतला, झिजलेल्या नंबरावरून बोट फिरवलं. आता खरं सांगणार आणि बिल्ला मागून घेणार, याची मला खात्री होती. काकांनी तो जपून जागेवर ठेवला आणि हात जोडले.

"राखणदार हाय, बाई. लय जुना. कोनाले देऊ नका."

परतताना मी भडकलो. "काका, एवढं आलो कशाला मग? मागितला का नाही?"

मागून काका म्हणाले, "मी इतके बिल्ले जमोले, लेका. पन तुयी काकू गेल्यावर माह्यं आयकाले घरात कोनी नाही. त्या बाईचं तो आयकते. कसा आनू?"

मंगरूळला पोचल्यावर मी गाडी त्यांच्या दाराशी थांबवलीच नाही. सरळ आमच्याकडे जेवायला घेऊन आलो.