डोंगर सरकवणारे दिगंबरकाका

आमच्या गल्लीत सकाळी सात वाजता कुणी जास्वंदीला पाणी घालतं, कुणी स्कूटर पुसतं, कुणी नुसतंच कमरेवर हात ठेवून दुसऱ्याच्या घरात डोकावतं. शेजारचे दिगंबरकाका त्या वेळेला एक डोंगर उचलतात आणि चार बोटं डावीकडे सरकवतात. मग चष्मा कपाळावर चढवून मागे रेलतात. डोंगर मनासारखा बसला असेल तरच काकूंना हाक मारून चहा मागतात. नसला बसला तर चहा नाही. एकदा एका टेकडीपायी काकू साडेदहापर्यंत आधण ठेवून उभ्या होत्या.

नांदेडात डोंगर कुठला, असं तुम्ही विचाराल. काकांच्या कंप्युटरात. व्हिडिओ गेममध्ये हिरो ज्या रानावनातून पळतो, ती रानं ज्या सॉफ्टवेअरात तयार होतात त्याला गेम इंजिन म्हणतात. समोरच्या पाटलांनी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा विचारलं, "किती हॉर्सपॉवरचं?" काका म्हणाले, "डोंगर उचलून राहिलं, आता समजून घ्या."

काका बत्तीस वर्षं मोजणीदार होते. म्हणजे साखळी घेऊन लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजून देणारा माणूस. उमरीपासून धर्माबादपर्यंत असा बांध नाही, ज्यावर उभं राहून काकांनी शिव्या खाल्ल्या नाहीत. परिणामी निम्मा जिल्हा त्यांना ओळखतो आणि निम्मा ओळख दाखवत नाही. निवृत्त झाल्यावर वर्षभर त्यांनी गल्ली मोजली. आमच्या घराचा ओटा रस्त्यात तीन इंच आलाय हे शाळामास्तर असूनही मला त्यांच्याकडूनच कळलं.

मग लेक सुषमा सुट्टीला आली. ती हैदराबादला गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. तिनं बापाला कौतुकानं आपला नवा गेम दाखवला. हिरोनं चाळीस राक्षस कापले, किल्ला पेटवला, आकाशातून उडी मारली. काका शांतपणे बघत होते. शेवटी म्हणाले, "बाई, तुमची नदी चढावर चालून राहिली."

सुषमा चिडली. "मग तुम्हीच करा," म्हणाली आणि आपला जुना कंप्युटर ठेवून गेली. जुना म्हणजे काय, पैलवान होता तो. चालू केला की त्याच्या पंख्यानं गल्लीतली वाळत घातलेली पातळं फडफडायची. काकांनी इंटरनेटवरचे शिकवणीचे व्हिडिओ लावले, तेही आवाज बंद करून. "इंग्रजी कळंना. पण मिस्त्रीचं काम शिकाचं तर हात बघा सर, तोंड बघू नका." सहा महिन्यांत गडी तयार झाला. सपाट पाटीवर ब्रश फिरवायचा की जमीन वर येते, दाबली की खड्डा, चोळली की उतार. त्यावर मातीचा फोटो पांघरायचा, झाडं पेरायची, वारा सोडायचा, ऊन लावायचं. काका हे सगळं करतात ते पोळ्यांची कणीक मळणाऱ्या बाईच्या निवांतपणानं.

त्यांची एकच कसोटी. "आधी उतार सांगा." गेममधली दरी असो, पाटलांच्या मुलाला आलेलं स्थळ असो की नवीन निघालेली पतसंस्था असो, काका विचारणार, "हे सगळं ठीक हाय, पण पाणी कुठं जाईल?" पाटलांनी त्या पतसंस्थेत पैसे ठेवले नाहीत आणि आज ते काकांना देव मानतात.

इंजिनात तयार झाडं फुकट मिळतात, पण काकांना ती चालत नाहीत. "सगळी गोऱ्या लोकांच्या देशातली. टोकदार, इस्त्री केल्यावाणी. बाभूळ न्हाई, बोर न्हाई. शेळीनं खावं काय?" म्हणून त्यांनी तीन आठवडे बसून काट्याकाट्यानं बाभूळ केली. ती इतकी अस्सल उतरली की सुषमाच्या ऑफिसातल्या एका मुलीनं स्क्रीनला बोट लावलं आणि दचकून मागे घेतलं, असं काका सांगतात. मी सांगताना तिला धनुर्वाताचं इंजेक्शनही देतो.

मातीचं तर विचारूच नका. मातीचा फोटो उन्हात काढला की ढेकळाची सावली फोटोतच चिकटून बसते. मग गेममधला सूर्य पूर्वेला आणि सावलीही पूर्वेला. म्हणून फोटो सावलीत काढायचा. आता आपल्याकडं उघड्या रानात सावली कुठून आणणार? काकांनी डबल बेडची चादर आणली. धर्माबादच्या रस्त्याला मी, काकू, पाटील आणि पाटलांचे लातूरहून पाहुणे आलेले होणारे व्याही, असे चौघे चार कोपरे धरून उभे, आणि काका चादरीखाली ओणवे. एक एसटी करकचून थांबली. निम्म्या बसनं हात जोडले. कंडक्टर खाली उतरून हळू आवाजात म्हणाला, "कोन गेलं हो?"

चादरीखालून आवाज आला, "कोन न्हाई. जमीन हाय."

"अरारा, जमीन गेली का?"

"गेली न्हाई. घेऊन चाललो."

व्याह्यांनी पुढं ते स्थळ मोडलं नाही, यातच त्यांचा मोठेपणा आला.

पुढं सुषमाच्या कंपनीनं काकांना खरंच एक काम दिलं. मायावी जंगल हवं होतं. काकांनी जंगल केलं, पण बत्तीस वर्षांची सवय जाते कुठं? जंगलाच्या चारी कोपऱ्यांना त्यांनी हद्दीचे दगड पुरले आणि त्यावर गट नंबर टाकला. गेम खेळणाऱ्या जगभरच्या पोरांना वाटलं, हा खजिन्याचा संकेत. जपानपासून ब्राझीलपर्यंत लोक त्या दगडांखाली खणत बसले. कंपनीनं विचारलं, दगड काढता का? काका म्हणाले, "काढतो. पण उद्या शेजारच्या जंगलानं अतिक्रमण केलं तर माझ्याकडं येऊ नका." दगड राहिले.

असा हा जगाला जमिनी करून देणारा माणूस. आणि एका शेतात मात्र त्यानं अकरा वर्षं पाय ठेवलेला नव्हता. स्वतःच्याच.

अर्धापूरजवळ काकांचं वडिलांपासूनचं, म्हणजे आबांपासूनचं, शेत आहे. निम्मं त्यांचं, निम्मं धाकट्या भावाचं, माधवरावांचं. मध्ये बांध. सगळ्या जिल्ह्याला मोजून दिलं, आपलंच राहिलं, म्हणून काकांनी एक दिवस तिथं साखळी टाकली. बांध दोन हात काकांच्या बाजूला सरकलेला निघाला. दुसरा कुणी असता तर त्यानं हसून सोडून दिलं असतं. काकांनी कागद सांगेल तिथं बांध नेऊन घातला. त्यात माधवरावांची घड लागलेली केळीची एक ओळ गेली. माधवरावांनी भर शेतात शपथ घातली, "या शेतात पुन्हा पाय ठेवलास तर माझं मेलेलं तोंड बघशील."

काका अमावस्या मानत नाहीत, मांजर आडवं गेलं तर त्याच्या मालकाचा पत्ता विचारतात. पण ही शपथ त्यांनी पाळली. आपला हिस्सा बटईनं, म्हणजे निम्म्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला लावला आणि अर्धापूरचा रस्ताच सोडला. मी एकदा विचारलं, "काका, मोजणी बरोबर होती का?"

"तीन डाव मोजली सर. सुताची चूक न्हाई." आणि मग बराच वेळ त्यांनी एका टेकडीवरचं गवत उगीचच उपटलं आणि पुन्हा लावलं.

गेल्या दिवाळीनंतर त्यांनी ते शेत कंप्युटरात करायला घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुठली कंपनी नव्हती. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "शपथ पायाची हाय. माऊसची न्हाई."

मी आजवर पुष्कळ कारागीर पाहिले, पण असं काम पाहिलं नाही. केळीचं कोवळं पान अखंड, त्याच्याखालचं वाऱ्यानं फाटलेलं, त्याच्याखालचं वाळून खोडाला चिकटलेलं. पाटाच्या कडेला ओल, आणि ओलीत फक्त एका बाजूला उगवलेली हराळी. सगळं आठवणीतून. फक्त एक कोपरा कोरा होता. "विहिरीच्या पाठीमागं काहीतरी हाय सर. मला आठवंना." ते तीन दिवस जेवले नाहीत म्हणण्यापेक्षा, जेवले पण मीठ कमी की जास्त हे त्यांना कळलं नाही. शेवटी मला म्हणाले, "तुम्ही जा. केळी घ्यायला आलो म्हणा आणि मागचा फोटो काढून आणा."

मी गेलो. बगलेत चादर, हातात मापासाठी काकांनी दिलेली लाल-पांढरी पट्ट्यांची काठी. विहिरीपर्यंत पोचायच्या आत मागून आवाज आला.

"कोन हो तुम्ही?"

वळून पाहिलं तर दिगंबरकाकाच, फक्त उन्हात वाळवलेले.

"केळी घ्यायला आलो."

"चादर घेऊन?"

त्यांनी काठी माझ्या हातातून घेतली, फिरवून पाहिली. "ही मोजणीची काठी हाय. दिग्यानं पाठवलं ना तुम्हाला? पुन्हा मोजणी लावून राहिला का तो? त्याला म्हणावं, आता म्याच येतो. एकदाचं काय ते होऊन जाऊ दे."

मी नांदेडला परतलो ते तोंड लपवत. समेट करायला निघालो नव्हतो हे खरं, पण उरलंसुरलं मात्र मी मोडून आलो होतो. दोघंही साठी ओलांडलेले. हे भांडण आता पेटलं असतं तर विझवायला दोघांकडं दिवस उरले नव्हते.

रविवारी माधवराव आले. भर दुपारी. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात सातबारा, नकाशा, सगळे कागद. काकू दारातच म्हणाल्या, "या भावजी," आणि चहाचं आधण ठेवायला आत वळल्या. काका खुर्चीतून उठले नाहीत. माधवराव माझ्याकडं बघून म्हणाले, "सर, त्याला विचारा, कामून पुन्हा मोजणी लावून राहिला माझ्या शेताची?"

काका भिंतीकडं बघून म्हणाले, "सर, त्यांना म्हणावं, स्वतःच बघून घ्या."

मी माधवरावांना कंप्युटरसमोर बसवलं आणि पुढं जायचं बटण दाखवलं. स्क्रीनवर त्यांचं शेत होतं.

पिशवी त्यांनी मांडीवर ठेवली. बराच वेळ काहीच दाबलं नाही. मग एका बोटानं चालायला लागले. पाट आला तेव्हा या गृहस्थानं खुर्चीत बसल्या बसल्या धोतर सावरलं आणि दोन्ही पाय वर घेतले.

"सर, त्याला म्हणावं, हितं उतार एवढा न्हाई."

"सर, त्यांना म्हणावं, आबा असताना व्हता. नंतर गाळ भरला असंल."

"भरला. त्याला म्हणावं, भरला."

असे चालत चालत ते बांधापाशी आले आणि थांबले. ते इकडं वळले, तिकडं वळले, केळीच्या ओळी मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"बांध चुकलाय."

"कुठं चुकला?" काका मला विसरले.

"दोन हात. मोजणीपरमानं माझ्याकडं पायजे. ह्यो तर आबाच्या टायमाचा बांध हाय. आन् ही माझी तोडलेली ओळ. हिला घड लागलेत."

काका म्हणाले, "मोजणी चुकली व्हती."

बत्तीस वर्षांत हे वाक्य एकदा जरी या माणसाच्या तोंडून निघालं असतं तरी निम्म्या जिल्ह्यानं पेढे वाटले असते. काकू कप घेऊन दारातच थांबल्या.

माधवराव स्क्रीनकडंच बघत होते. "चुकली नव्हती. म्या दुसरा माणूस आणून मोजून घेतली. त्याच साली. बरोबर निघाली."

"मग बोलला कामून न्हाईस?"

"तू आला कामून न्हाईस?"

"शपथ व्हती."

"राग आला म्हून घातली रे. तू पाळशील असं कुनाला वाटलं व्हतं?"

काकांनी खुर्ची जवळ ओढली आणि माऊस हातात घेतला, काहीतरी हातात असावं म्हणून.

"ऊन लई तापवलंस," माधवराव म्हणाले.

इंजिनात सूर्य माऊसनं ओढता येतो. काकांनी तो धरला आणि हळूहळू खाली आणायला लागले. केळीच्या सावल्या पाटावरून पलीकडं लांबल्या.

"विहिरीमागं मोकळंच ठेवलंस."

"आठवंना."

"येऊन बघ. सोडली शपथ."

काकांचा हात माऊसवर तसाच होता आणि सूर्य खालीच चालला होता. टेकडीला टेकला, बुडाला, शेत काळं झालं, मग सगळा स्क्रीन काळा झाला. बाहेर दुपारचा पाऊण वाजला होता. दोघं भाऊ खुर्च्या जोडून त्या काळोखाकडं बघत बसले होते, आणि काहीच दिसत नाही हे दोघांपैकी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.