वाढत्या अंगाची लिंबोणी

घर बदलायचं ठरलं तेव्हा शिंपीकाकांना कपाटाची, पलंगाची कसलीच काळजी नव्हती. काळजी होती गॅलरीतल्या लिंबोणीची. इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदाच एक लिंबू धरलं होतं आणि ते झाडावरच ठेवून नव्या घरी न्यायचं, असा काकांचा हट्ट होता.

"कुंडीतल्या झाडाचं हेच बरं असतं," काका म्हणाले. "रोज पाणी घालावं लागतं, कबूल. पण घर बदललं की उचललं आणि निघालं!"

"कुंडी कुठली? पिंप आहे ते," काकू म्हणाल्या.

खोटं नव्हतं. रोप वीतभर होतं तेव्हाच काकांनी शिंप्याच्या सवयीने, "वाढत्या अंगाचं आहे, सैलच बरं," म्हणून भलंमोठं पिंप आणलं होतं. रोपानेही काकांचा शब्द खाली पडू दिला नाही. आता पिंप दारातून जेमतेम जात होतं आणि फांद्या चौकटीत अडत होत्या.

"छाटा की जरा," काट्यांनी ओरबाडलेला हमाल म्हणाला.

"खबरदार! लिंबू आहे फांदीला!"

"जन्मभर गावाची मापं घेतली," काकू पुटपुटल्या, "आणि घरच्या दाराचं राहिलं!"

काकांनी बांधून ठेवलेलं मशीन पुन्हा सोडलं, पांढऱ्या चादरी जोडल्या आणि झाडाला अंगाबरोबर खोळ शिवली. फांद्या मुकाट मिटल्या. चौघा हमालांनी झाड आडवं करून खांद्यावर घेतलं आणि जिना उतरायला लागले. काका कुलूप लावायला मागे राहिले. डोळ्यांत धूळ गेलेल्या काकू पदराने डोळे पुसत पुढे निघाल्या.

खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी हे पाहिलं मात्र, हंबरडाच फोडला. "अगं बाई! काल तर माझं ब्लाऊज दिलं हो काकांनी!"

दारं उघडली, माणसं जमली. कुणी काकूंना धरलं, कुणी पाणी आणलं.

"अरे, डोक्याकडून जपून!" वरून काकांचाच आवाज आला. वहिनी मटकन खाली बसल्या.

नव्या घराला चांगलं ऐसपैस अंगण होतं. काकांनी खोळ उसवली. लिंबू जागच्या जागी! काकांना अगदी भरून आलं.

"आता लावून टाका जमिनीत," काकू म्हणाल्या. "सुटू दे बिचारीला."

काकांनी गळ्यातली टेप काढली आणि आधी फाटकाचं माप घेतलं.

"जमिनीत? आणि उद्या हे घर सोडायचं झालं म्हणजे? फाटक रुंद आहे. याहून मोठं पिंप आणू. अजून वाढतं अंग आहे तिचं."

काकूंनी हात पुढे करून ते लिंबू तोडलं.

"अगं, काय केलंस हे!"

"सरबत करते," काकू म्हणाल्या. "माझं डोकं थंड व्हायला हवं."