उभ्याने प्रवास

आमचा शेजारी आपा समुद्रात शिरताना देवाचं नाव घेत नाही. फळीवर उभा राहतो, शिडाची दोरी दोनदा ओढतो, तोंडाने "टण टण" म्हणतो आणि रिकाम्या किनाऱ्याला बजावतो, "चला, फुडे सरकान घेवा. दरवाज्यात कोणी ऱ्हवा नको." मग शिडात वारा भरतो आणि साठी उलटलेला, खाकी पॅन्ट गुडघ्यावर कापून घातलेला हा माणूस पाण्यावरून असा निघतो की किनाऱ्यावरचे पर्यटक भजी खायचे थांबतात.

मी थांबत नाही. मी आणखी एक भजं उचलतो. मला आपाचा मत्सर वाटतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुठे माझी भाषा तिखट झाली तर मिरचीला दोष नको.

आपा एसटीत कंडक्टर होता. कणकवली-आचरा गाडीवर त्याची हयात गेली. हयातभर माणसांना उभ्याने प्रवास करायला लावला, त्याचं प्रायश्चित्त म्हणून आता स्वतः उभ्याने करतो, असं आमच्या वाडीत म्हणतात. विंडसर्फिंग हा शब्द वाडीत कोणाच्या जिभेवर बसला नाही. त्याच्या फळीला सगळे 'आपाची गाडी' म्हणतात. खरं तर वाडीत विंडसर्फिंगची फळी पहिली मी आणली. मुंबईची नोकरी सोडून गावी आलो, दोन खोल्या पर्यटकांसाठी बांधल्या, आणि पाहुण्यांना काहीतरी आकर्षण हवं म्हणून पुण्याच्या भाच्याकडून नवी कोरी फळी, कार्बनची डोलकाठी आणि निळंपांढरं परदेशी शीड मागवलं. शिकायला एक अख्खा हिवाळा घातला. आपा रोज माडाला टेकून माझं पडणं बघायचा आणि मी पडलो की म्हणायचा, "विनंती थांबो."

मग एक दिवस तो आरोंद्याला मेहुणीकडे गेला आणि तिथून पलीकडे गोव्यात जाऊन एक फळी घेऊन आला. ती एका शॅकवाल्याकडे टेबल म्हणून वापरात होती. तिच्यावर ग्लासांचे गोल डाग होते आणि मधोमध कुणीतरी काट्याने 'पीटर' असं कोरलं होतं. भोकं पडलेली. आपाने ती होड्यांना फायबर मारणाऱ्याकडून बुजवून घेतली. डोलकाठी म्हणून परसातला चिव्याचा बांबू तोडला. फळी आणि डोलकाठीमधला सांधा चहूबाजूंनी वळावा लागतो, तो त्याने ट्रकच्या टायरचा केला. हाताने धरायचा दांडा कणकवलीच्या भंगारवाल्याकडून आणला. मोडीत निघालेल्या बसमध्ये उभ्या माणसांनी धरायचा असतो तोच दांडा, दोन तुकडे करून, वाकवून, टोकांना एकमेकांशी बांधलेला. शीड पाण्यात पडलं की ते वर ओढायची दोरीसुद्धा त्याच बसची, घंटीची. म्हणून ते टण टण.

राहता राहिलं शीड. आमच्याकडे ग्रामपंचायतीची निवडणूक नुकतीच होऊन गेली होती, आणि पडलेल्या उमेदवाराचा फ्लेक्स तिठ्यावर लोंबत होता. आपाने तो रीतसर विचारून आणला. त्यावर उमेदवाराचा हात जोडलेला फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत 'भावी सरपंच'. माणूस निवडून आला नाही, त्यामुळे मजकूर अजूनही खरा आहे. वारा भरला की त्याचे गाल फुगतात. आपा पडला की किनाऱ्यावर आरोळी उठते, "भावी सरपंच बुडाले." खुद्द भावी सरपंच आपल्या पाव्हण्यांना घेऊन ते बघायला येतात. एवढी प्रसिद्धी आपल्याला प्रचारातही मिळाली नव्हती, म्हणतात.

आता सांगा, माझ्या निळ्यापांढऱ्या शिडाकडे कोण बघणार? माझ्या खोलीत राहणारे, माझ्या घरच्या सोलकढीचे भुरके मारणारे पाहुणे मला विचारतात, "ते काका कोण? त्यांच्याबरोबर एक फोटो मिळेल का?" एका बाईंनी तर माझ्याच हातात त्यांचा मोबाईल दिला आणि आपाशेजारी उभं राहून मला म्हणाल्या, "जरा शीड पूर्ण येऊ द्या हं." मी काढला फोटो. भावी सरपंचांचं डोकं कापलं, पण काढला.

बरं, हा माणूस एकदा जुळवून गप्प बसेल तर तेही नाही. रोज काहीतरी मोडतं आणि रोज काहीतरी नवीन जोडलं जातं. याला तो 'बढती' म्हणतो. फ्लेक्स कडेने फाटायला लागला तेव्हा त्याला खताच्या पिशव्यांचा गोट शिवला आणि मला सांगायला आला, "शिडाक बढती दिलंय." बांबूला चीर गेली तेव्हा आत टीव्हीच्या जुन्या अँटेनाची नळी सरकवली, डोलकाठीला बढती. फळीखालचं दिशा धरणारं पातं आधी फणसाच्या लाकडाचं होतं, ते फुगलं, मग बाद झालेल्या फायबर होडीच्या तुकड्यातून कापलं. पेन्शन तुटपुंजी, ती औषधात जाते; त्यामुळे बढती नेहमी टाकाऊतूनच. आणि मोडलं की वाईट वाटण्याऐवजी याच्या चेहऱ्यावर एक चमक येते. ती चमक मला सर्वांत जास्त टोचायची. माझ्या सेटमधला एक स्क्रू हरवला तर मी दोन दिवस जेवत नाही.

औषधं वयनींची, म्हणजे आपाच्या बायकोची. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. एके काळी या बाई विहिरीवर बोलायला लागल्या की तिठ्यावरच्या गाडीला उशीर व्हायचा. आता आतल्या खोलीत खाटेवर असतात. दुपारचा वारा सुटला की आपाची भावजय त्यांच्याजवळ येऊन बसते, तेवढ्या वेळात आपा समुद्रावर जाऊन येतो. वाडीतल्या बायका आत जाऊन बसतात, आम्ही पुरुष पडवीतूनच "बरी मां?" विचारून परत फिरतो.

यंदा मी नवीन शीड मागवलं. जुनं चांगलं होतं, पण आपाला दोन पावलं मागे टाकायचं तर काहीतरी करायलाच हवं होतं. आणि तेव्हा मला ती कल्पना सुचली. जुनं शीड आपाला फुकट द्यायचं. वाडी म्हणेल, काय दानत. आणि निळंपांढरं परदेशी शीड लावल्यावर आपा दिसेल कसा? चारचौघांसारखा. भावी सरपंच माजी होतील आणि पाहुण्यांचे मोबाईल माझ्याकडे वळतील. माझी बायको शैला हिला मी यातला फक्त दानाचा भाग सांगितला. ती म्हणाली, "कशाला?" ती प्रत्येक गोष्टीला 'कशाला' म्हणते, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

आपाने शीड उलगडून पाहिलं. शिवणीवरून बोट फिरवलं. पारदर्शक खिडकीतून माझ्याकडे डोळा लावून पाहिलं.

"बरा आसा," तो म्हणाला. "लय बरा आसा. पण माका नको."

"अरे आपा, फुकट देतंय."

"ता समाजला माका. हेका काय मोडना-फाटना आसा काय?"

"नाय रे. वर्सान् वर्सा कायव व्हवचा नाय."

"मगे नकोच," आपा म्हणाला आणि शीड माझ्यापेक्षा नीट घडी करून परत दिलं.

मला राग आला. एवढा गर्व? खताच्या पिशवीचा?

त्यानंतर चारच दिवसांत वैशाखातला वारा जोरात सुटला. मी शहाण्यासारखा किनाऱ्यावर होतो. आपा आत, चांगला लांब. अचानक भावी सरपंच आडवे झाले आणि उठलेच नाहीत. बांबू अँटेनासकट मधोमध मोडला होता. मासेमारीच्या एका होडीने आपाला, फळीला आणि फाटक्या शिडाला ओढत आणलं. लोक जमले. कोणी म्हणालं, आपा, आता पुरे. कोणी म्हणालं, घरात आजारी माणूस, तुका काय झाला तर? खरं सांगायचं तर माझ्या मनात आधी धस्स झालं आणि त्याच्या मागोमाग, अगदी चोरपावलांनी, आनंद झाला. आता घेशील शीड, म्हटलं.

संध्याकाळी दिवेलागणीला मी शीड खांद्यावर टाकून त्याच्या घरी गेलो. पडवीत कोणी नव्हतं. आतून आपाचा आवाज येत होता, पण बोलण्याचा नव्हे. आपा गाऱ्हाणं घालत होता.

आमच्याकडे लग्न असो, जत्रा असो, नवी होडी असो, गाऱ्हाण्याशिवाय पान हलत नाही. एकाने देवाला हाक मारून मोठ्याने मागायचं आणि जमलेल्यांनी दर मागणीला "होय म्हाराजा" म्हणायचं. म्हणजे गाऱ्हाण्याला निदान दोन माणसं लागतात. एकट्याने घातलेलं गाऱ्हाणं म्हणजे नुसती कुरकुर.

"बा देवा म्हाराजा," आपा म्हणत होता, "बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा. आज तुज्या लेकराची डोलकाठी भर दर्यात मोडली."

"होय," आतून आवाज आला. जड, ओढलेला, पण स्पष्ट. वयनींचा.

"म्हाराजा," आपाने तिच्या शब्दाला जोड दिली आणि पुढे सरकला. "तर कणकवलेच्या भंगारवाल्याक बरी बुद्धी दी आणि एक सरळ पाइप माका गावांदे."

"होय."

"म्हाराजा. भावी सरपंचाचो कान फाटलो हा, तो शिवूक भावजयेच्या सुयेक नजर दी."

"होय." या वेळी त्यात थोडं हसू होतं.

"म्हाराजा. हिका उद्या पेज गोड लागांदे."

"होय."

"म्हाराजा. आणि आमचो शेजारी, बरो माणूस आसा. आमका आपला शीड दिऊक आयलो. तेचा भला कर. आणि तेच्या मनात जी काय जळजळ आसात ती थंड कर रे म्हाराजा."

"होय," वयनी म्हणाल्या. सगळ्यांत ठसठशीत.

मी पडवीत शीड खांद्यावर घेऊन उभा. पुढे सरकायला जागा नव्हती आणि उतरायचं तर थांबा गेलेला.

आपा बाहेर आला, मला पाहिलं. दचकला नाही. खांद्यावरच्या शिडाकडे बघून बाकावर बसला.

"सगळा बोलणा गेला," तो म्हणाला. "ह्यो येकच शबुद रवलो. डॉक्टर म्हणालो, बोलता ऱ्हवा तिच्यावांगडा. काय बोलतलंय? पाणी व्हया काय, होय. दुखता काय, होय. दुखना नसला तरी होय. रडाक येय तिका आणि माका पण. मगे येक दिवस असाच गाऱ्हाणा घातलंय. थंय 'होय' म्हणजे बरोबरच उत्तर. थंय चुकाचा भयाच नाय."

मी शीड खांद्यावरून उतरवून बाकाला टेकवलं.

"पण रोज काय मागतलंय?" आपा म्हणाला. "तिका बरी कर, ह्या मागलंय का ती रडता. म्हणान ता मागणा नाय. गाडीचा मागतंय. आज ह्या मोडला, आज ता फाटला. ती वाट बगता, आज काय मोडलाहा. तुजा शीड घेतलंय तर वर्सान् वर्सा कायव मोडूचा नाय. मगे गाऱ्हाण्यात काय घालू?"

मी शीड घेऊन घरी आलो. शैलाने विचारलं, "घेतल्यान काय?" नाही म्हटलं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच 'कशाला' म्हणाली नाही. चहा टाकला. गाऱ्हाण्यातलं मी तिला सांगितलं, तेव्हा तिने तोच चहा दोनदा गाळला.

तर मत्सर गेला असेल, असं तुम्हाला वाटेल. वयनींनी एवढा ठसठशीत होय दिला होता, देवाने ऐकायला हवं होतं.

आठवडाभराने आपाला पाइप मिळाला. फ्लेक्सचा कान भावजयीने शिवून दिला. दुपारी टण टण झालं, फुडे सरकान घेवा झालं, किनारा टाळ्या वाजवून थकला. मी माझ्या नव्या शिडावर त्याच्या पाठोपाठ होतो. सुसाट चाललो होतो. काही कुरकुरत नव्हतं, काही सैल होत नव्हतं. तेवढ्यात पुढे कर्र असा आवाज झाला आणि आपा दमलेल्या बैलासारखा हळूहळू पाण्यात बसला. मी वळून त्याच्याजवळ गेलो. पाइप कमरेत वाकला होता.

"वाकलो," आपा म्हणाला. तोंडभर खारं पाणी, आणि चेहरा घरच्या डेपोला बदली मिळालेल्या माणसासारखा. "बगलंस मां? पयल्याच दिवशी वाकलो."

मी त्याची फळी माझ्या फळीला बांधून त्याला किनाऱ्याला आणलं. पाय वाळूला लागताच त्याने सगळं तिथेच टाकलं आणि ओल्या खाकी चड्डीत घराकडे जवळजवळ धावत निघाला. कोणीतरी त्याची वाट बघत होतं, आज काय मोडलं ते ऐकायला.

मी त्याचं शीड आणि माझं शीड माडाखाली शेजारी शेजारी ठेवलं. माझ्या शिडावर एक सुरकुतीसुद्धा नव्हती. घरी जाऊन सांगावं असं काहीच झालं नव्हतं. त्या माणसाचा इतका मत्सर मला त्याआधी कधीच वाटला नव्हता.